लायब्ररीचा स्टेट पार्क पास: पासला पाच स्टार, पास बंद करायला निघालेल्यांना दोन

बे एरियातल्या आपल्या मंडळींसाठी मुख्यतः लिहितेय, पण कॅलिफोर्नियात कुठेही राहत असाल तरी वाचा, कारण असा काही पास असतो हेच अजून बऱ्याच जणांना माहीत नाही. पब्लिक लायब्ररीचं कार्ड असेल तर स्टेट पार्कचा पास घरी आणता येतो, चक्क फुकट. गाडीच्या आरशाला अडकवायचा एक टॅग असतो, तो अडकवला की दोनशेहून जास्त स्टेट पार्कांत दिवसाच्या पार्किंगचे पैसे पडत नाहीत. एरवी ही फी बऱ्याच ठिकाणी ८-१० डॉलर असते आणि वर्षाचा एक्सप्लोरर पास काढायचा म्हटलं तर १९५ डॉलर, म्हणजे महिन्यातून एकदा जाणाऱ्याने हिशोब करत बसावं असा आकडा.

ज्यांच्याकडे आई-बाबा किंवा सासू-सासरे सहा महिन्यांसाठी येतात त्यांना याची किंमत जास्त कळेल. पहिला महिना गोल्डन गेट, स्टॅनफर्ड, देऊळ, कॉस्टको यात जातो, मग शनिवार उजाडला की "आज कुठे?" सुरू होतं, आणि दर वेळी लांब गाडी मारायची तर कोणाच्यात दम नसतो. अशा वेळी तासाभरावरचं स्टेट पार्क, सावलीतलं बाकडं आणि डब्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भडंग, एवढ्यात दिवस छान जातो. बाबा सिंहगडावर उपद्रव शुल्क भरताना सुद्धा कुरकुर करणारे, त्यामुळे फुकट आहे म्हटल्यावर ते सगळ्यात आधी गाडीत जाऊन बसले.

नियम थोडक्यात सांगते. नऊ किंवा त्याहून कमी माणसांची गाडी चालते, म्हणजे आपली सिएना, ओडिसी बसते त्यात. कॅम्पिंगची फी, बोटीची फी, खास कार्यक्रमांचं तिकीट हे त्यात येत नाही. काही पार्कं काउंटी किंवा संस्था चालवतात, तिथे आधी यादीत बघून जा, गेटवर जाऊन वाद घालू नका, किऑस्कमध्ये बसलेली ती मुलगी कॉलेजची असते, तिच्या हातात काही नसतं. पास किती दिवस ठेवता येतो ते तुमच्या लायब्ररीवर आहे. आणि उन्हाळ्यात होल्डची, म्हणजे पाससाठी आधी नाव लावून ठेवणाऱ्यांची रांग लांब असते, लाँग वीकेंड डोळ्यासमोर ठेवून होल्ड टाकाल तर पास मिळेपर्यंत शाळा सुरू झालेली असेल.

इथपर्यंत पाच स्टार, काही तक्रार नाही.

आता तक्रार. हा पास एप्रिल २०२२ मध्ये प्रायोगिक म्हणून सुरू झाला, आणि जानेवारी २०२४ मध्ये राज्याच्या बजेटला जवळपास ३,८०० कोटी डॉलरचं भोक पडलंय असं गव्हर्नर न्यूसम यांनी जाहीर केलं, तेव्हा या पासला पुढे पैसे द्यायचेच नाहीत असं ठरत होतं. लायब्ररीवाले, पार्कांच्या संस्था, शाळेतले पालक, सगळ्यांनी आरडाओरडा केला, आमदारांना पत्रं गेली, मग उन्हाळ्यापर्यंत पैसे परत आले. लोक म्हणतील झालं ना, मिळाला ना पास, आता कशाला रडतेस. मी रडतेय कारण या राज्यात पार्कांच्या बाबतीत हे दर काही वर्षांनी होतं, अगदी ठरलेल्या पद्धतीने होतं, आणि जे लोक गेल्या पाच-सात वर्षांत इकडे आलेत त्यांना २०११-१२ ला काय तमाशा झाला होता ते माहीतच नाही. मी तेव्हा नवीनच होते इथे, त्यामुळे डोक्यात पक्कं बसलंय.

झालं असं की जेरी ब्राऊन गव्हर्नर झाले तेव्हा अडीच हजार कोटी डॉलरच्या वर तूट होती. सगळीकडे कात्री लागली, पार्क खात्याला सांगितलं दोन वर्षांत मिळून वर्षाला २ कोटी २० लाख डॉलरची कपात करा. खात्याने मे २०११ मध्ये यादी काढली: २७८ पैकी ७० पार्कं १ जुलै २०१२ पर्यंत बंद. सत्तर! चारातलं एक. सोनोमा काउंटीतलीच पाच होती त्यात. आता जरा आकडा बघा, तेव्हा राज्याचा जनरल फंड, म्हणजे मुख्य तिजोरी, ८,५०० कोटी डॉलरच्या आसपास होता, म्हणजे शंभर डॉलरमागे तीन सेंटसुद्धा वाचणार नव्हते, आणि त्यासाठी पाव भाग पार्कांना कुलूप.

बरं कुलूप लावणार कुठे हाही प्रश्नच होता. म्युझियमला, जुन्या वाड्याला कुलूप लागतं. डोंगराला कसं लावणार? हायवेच्या कडेला गाडी लावून माणूस कुठूनही आत शिरतो. पार्क 'बंद' म्हणजे प्रत्यक्षात काय, तर रेंजर नाही, संडास बंद, कचरा उचलणारा नाही, फी घेणारा नाही. म्हणजे येणारं उत्पन्न थांबलं आणि नुकसान सुरू झालं. आग लागली तर फायर इंजिन जायला रस्ता लागतोच, तो साफ ठेवायचा खर्च आहेच, इमारतींची छपरं गळणारच आहेत, आणि आत गांजाची चोरटी शेती सुरू होईल ही भीती तर तेव्हा उघड बोलली जात होती. शिवाय ज्या पार्कांसाठी केंद्राच्या लँड अँड वॉटर कन्झर्व्हेशन फंडातून पैसे घेतलेत ती लोकांना खुली ठेवायची अट असते, त्यावरून नॅशनल पार्क सर्व्हिसनेही कान उपटले होते.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी मोहावे वाळवंटातल्या मिचेल कॅव्हर्न्सचं बघावं. चुनखडीच्या सुंदर गुहा, मोठ्या पण नाहीत, रेंजर टॉर्च घेऊन आत न्यायचा. २०११ च्या सुरुवातीला ते पार्क बंद झालं आणि मग राखायला माणूस नाही म्हटल्यावर चोरांनी येऊन तांब्याच्या तारा काढून नेल्या, इमारतींची नासधूस केली. गुहा परत लोकांना बघायला मिळाल्या नोव्हेंबर २०१७ मध्ये. जवळजवळ सात वर्षं! माणसांचा पगार वाचला असेल, पण नंतर वायरिंगपासून सगळं नव्याने करायला जे गेलं ते कुठल्या खात्यात लिहिलं कोणास ठाऊक.

बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत, त्यांना हे सांगायला लागले की ते पुढचं वाक्य स्वतःच बोलतात. म्हणाले, "अगं देखभालीचा खर्च कधी वाचत नसतो, तो पुढच्या साहेबाच्या टेबलावर जातो." खरंच तसंच आहे. तेव्हाच या पार्कांची थकलेली दुरुस्ती १०० कोटी डॉलरच्या वर गेलेली होती.

मग लोक चिडले. आणि नुसते चिडून बसले नाहीत, कामाला लागले. विधिमंडळाने २०११ मध्येच एक कायदा केला, एबी ४२, की बिगरनफा संस्था राज्याशी करार करून अख्खं पार्क चालवू शकतात. मग कोणी बेक सेल केले, कोणी मैफिली केल्या, कोणी चेक लिहिले. सॅम्युअल पी. टेलर पार्काची जबाबदारी नॅशनल पार्कवाल्यांनी उचलली. हेन्री को पार्कासाठी मॉर्गन हिलकडच्या लोकांनी फंड उभा करून तीन वर्षांचा खर्च देऊ केला. कॅसल रॉक पार्कासाठी सेम्परव्हायरन्स फंड या संस्थेने अडीच लाख डॉलर दिले. रिटायर झालेली माणसं संडास धुवायला जात होती, अतिशयोक्ती नाही, व्हॉलंटियर म्हणून शिफ्ट लावून. १ जुलै आला तोवर जवळजवळ सगळी पार्कं कोणी ना कोणी दत्तक घेतलेली होती.

आणि मग २० जुलै २०१२. तारीख लक्षात ठेवा, डेडलाइन जाऊन तीन आठवडेसुद्धा झाले नव्हते. बातमी आली की पार्क खात्याकडे ५ कोटी ४० लाख डॉलर आहेत, जे त्यांनी वर्षानुवर्षं अर्थ खात्याला दाखवलेच नाहीत. संचालक रूथ कोलमन यांनी राजीनामा दिला.

तुम्ही कल्पना करा. गणपती मंडळाने दारोदार फिरून "यंदा मांडव घालता येणार नाही हो" म्हणत वर्गणी काढायची, शेजारच्या आजींनी पेन्शनमधले पाचशे द्यायचे, आणि विसर्जनानंतर कळायचं की खजिनदाराकडे एफडी होती.

थोडं नीट सांगते, कारण यात पण लोक अर्धवट बोलतात. ५ कोटी ४० लाखातले ३ कोटी ३५ लाख हे डर्ट बाइक, जीप वगैरे चालवायच्या जागांसाठीच्या फंडातले होते, ते कायद्याने दुसरीकडे सहज वापरता येत नाहीत. उरले २ कोटी ४ लाख, ते सरळ पार्कांच्या फंडातले. आता वरचा आकडा परत बघा. वाचवायचे होते २ कोटी २० लाख. ठीक आहे, कपात दर वर्षाची होती आणि लपवलेले पैसे एकदाचे, मान्य, पण निदान एक वर्ष श्वास घेता आला असता आणि ७० पार्कांच्या यादीने राज्यभर जी घबराट केली ती करायची गरज नव्हती.

का लपवले? हे जास्त इंटरेस्टिंग आहे. कोणी घरी नेले असं नव्हतं. ॲटर्नी जनरलच्या कार्यालयातून चौकशी झाली, तिचा रिपोर्ट २०१३ च्या जानेवारीत आला, त्यात निघालं ते असं की सुरुवात हिशोबातल्या फरकातून झाली असावी पण पुढे वरच्या लोकांनी ते जाणूनबुजून झाकून ठेवलं, कारण शिल्लक दिसली तर अर्थ खातं पुढच्या वर्षी तेवढे कापेल ही भीती. बाबा हे ऐकून इतके हसले की ठसका लागला. "आमच्याकडे मार्च एंडला निधी लॅप्स होईल म्हणून रातोरात खडी टाकायचे, आणि इथे झाकून ठेवतात, पण आजार एकच बघ." मला वाटतं पूर्ण विषय या एका वाक्यात आहे. पैसे वाचवणाऱ्या खात्याला शिक्षा आणि संपवणाऱ्याला बक्षीस असेल तर दुसरं काय होणार.

म्हणून माझा राग कपातीवर नाहीये. तूट असते, मंदी येते, शाळा आणि हॉस्पिटलं आधी हे मलाही कळतं. राग यावर आहे की पार्क ही ओलीस धरायची वस्तू झालीय. तूट आली की सगळ्यात लाडकी गोष्ट उचलायची आणि म्हणायचं ही बंद करू. २००९ मध्ये श्वार्झनेगर यांनीही तेच केलं होतं, तेव्हा तर २७९ पैकी २२० च्या आसपास बंद करायचा प्रस्ताव होता, आरडाओरडा झाला, मागे घेतला, मग तास कमी केले, सफाई कमी केली, म्हणजे पार्क उघडं पण संडासला कुलूप. प्रत्येक वेळी लोक धावतात, आणि प्रत्येक वेळी वरच्यांना कळतं की लोक धावतात.

लोकांचंही थोडं आहे, ते लिहिलं नाही तर खोटेपणा होईल. नोव्हेंबर २०१० मध्ये प्रोपोझिशन २१ मतदानाला होतं, गाडीमागे वर्षाला १८ डॉलर जास्त द्यायचे आणि त्या बदल्यात कॅलिफोर्नियाच्या गाड्यांना पार्कात दिवसाची पार्किंग फुकट, आणि तो पैसा पार्कांसाठी राखीव. अठरा डॉलर, म्हणजे आज दोन माणसं उडुप्याकडे डोसा खाऊन उठली तर त्याहून जास्त होतात. ५७ टक्के लोकांनी नाही म्हटलं. सहा महिन्यांनी यादी आली तेव्हा बोंब मारणाऱ्यात त्यातले किती होते देव जाणे. पण दोन वर्षांनी ते लपवलेले पैसे निघाले तेव्हा हेच लोक म्हणाले बघा, आम्ही बरोबर होतो, आणि त्यावर कोणाकडे उत्तर नव्हतं. विश्वास एकदा गेला की पुढचा खरा खड्डा दाखवला तरी लोक म्हणतात गादीखाली बघा आधी.

असो. आता त्या यादीतल्या तीन पार्कांबद्दल, जी आम्ही आई-बाबांना घेऊन केली, कारण ही सगळी २०१२ मध्ये जाणार होती.

जॅक लंडन पार्क, ग्लेन एलन. सोनोमा व्हॅलीत, साऊथ बेमधून दोन तास धरून चला. इथे पास वापरला नाही, तेव्हा तो लायब्ररीत दुसऱ्याच कोणाच्या नावावर गेलेला होता, १० डॉलर भरले आणि अजिबात जड गेले नाहीत, कारण हे पार्क मे २०१२ पासून एक स्थानिक संस्था चालवते, राज्यात अख्खं पार्क चालवायला घेणारी ही पहिली. आणि फरक दिसतो हो. पाट्या ताज्या, संडासात साबण, म्युझियममधल्या आजी प्रत्येकाला स्वतःहून "कुठून आलात" विचारतात. बाबांनी पुणे म्हटल्यावर त्यांनी नकाशावर बोट ठेवून दाखवायला लावलं.

लेखक म्हणून जॅक लंडनला वाचलं नसेल तरी हरकत नाही, हा माणूस शेतकरी म्हणून जास्त भारी वाटतो. सगळ्यात आधी डुकरांचा वाडा बघा, त्याला पिग पॅलेसच म्हणतात. १९१५ मध्ये बांधलेला, दगडी, गोल. मधे खाण्याची गोल इमारत आणि तिच्याभोवती एकेका डुकरीणीच्या कुटुंबाला वेगळी खोली, प्रत्येकीला स्वतःचं अंगण. एक माणूस मधे उभा राहून सगळ्यांना खायला घालू शकेल अशी रचना. बाबा आतून बाहेरून फिरून, उतार कुठे काढलाय, पाणी कुठे जातं, सगळं वाकून बघत होते, आणि आई म्हणाली, "डुकरांना वन बीएचके, आणि आपण लग्नानंतर पाच वर्षं एका खोलीत." आमच्या घरात आता तो कायमचा डायलॉग झालाय.

तिथून म्युझियमकडे गाडीने या, म्हणजे ज्येष्ठांचे पाय वाचतील. ते घर त्याच्या बायकोने, चार्मियनने, तो गेल्यावर बांधलं, १९५५ मध्ये ती गेली आणि तिच्या इच्छेप्रमाणे त्याचं म्युझियम झालं. तिथून अर्ध्या मैलाच्या वर पायवाट आहे वुल्फ हाऊसकडे. लंडनने बांधलेलं, ज्वालामुखीच्या दगडाचं २६ खोल्यांचं घर, राहायला जायच्या तोंडावर ऑगस्ट १९१३ मध्ये एका रात्रीत जळालं. लोक वर्षानुवर्षं कोणी आग लावली यावर वाद घालत होते, मग १९९५ मध्ये तज्ज्ञांनी येऊन बघितलं आणि म्हणाले जवसाच्या तेलाची फडकी पडली होती, ती आपोआप पेटली असणार. सुतारकाम करणाऱ्या कोणालाही विचारा, हे खरंच होतं. आता भिंती आणि धुराडी तेवढी उभी आहेत, झाडांच्या मधे, आणि कुंपणाबाहेरून बघायचं. जाताना उतार आहे, म्हणजे येताना चढ, गुडघेवाल्यांना आधीच सांगा. लंडनची कबर म्हणाल तर एक मोठा दगड, बस, त्या वुल्फ हाऊसचाच, आणि शेजारी दोन लहान मुलांच्या जुन्या कबरी. फार काही बघायला नाही पण आई तिथे बराच वेळ उभी होती.

हे सगळं बंद करणार होते. वर्षाला किती वाचले असते इथून त्याचा विचार करते तेव्हा डोकं फिरतं.

कॅसल रॉक. साराटोगावरून वर स्कायलाइनला, क्युपर्टिनोवाल्यांना घरच्यासारखं. इथले खडक बघण्यासारखे आहेत, वाळूच्या दगडाला वाऱ्यापावसाने पोखरून जाळी पडलेली, त्याला टॅफोनी म्हणतात, मुलं त्या भोकांत बसून फोटो काढतात. पावसाळ्यानंतर धबधबा असतो, ऑगस्टमध्ये गेलात तर ओली भिंत दिसेल फक्त. २०१९ मध्ये नवीन एंट्रन्स झालंय, कर्कवूड म्हणून, चांगले संडास, बसायच्या पायऱ्या, भरपूर पार्किंग. आणि हे बांधलं कोणी, तर त्याच सेम्परव्हायरन्स फंडाने, ज्यांनी २०१२ मध्ये अडीच लाख देऊन पार्क उघडं ठेवलं होतं. म्हणजे गेटही लोकांच्या पैशातून, आणि ते गेट उघडं ठेवायची फीही लोकांच्या पैशातून. कोणीतरी खात्याला एक थँक्यू कार्ड पाठवायला सांगा.

हेन्री को. मॉर्गन हिलच्या ईस्ट डन अव्हेन्यूने वर जायचं, रस्ता इतका वळणावळणाचा आहे की वरंध घाटात उलट्या करणाऱ्यांनी आधी गोळी घ्यावी. पार्क अवाढव्य आहे, ८७,००० एकर, उत्तर कॅलिफोर्नियातलं सगळ्यात मोठं स्टेट पार्क, आणि तरी गर्दी नाही. ज्या साडा को या बाईंनी आपल्या वडिलांच्या नावाने १९५३ मध्ये १२,००० एकरांवर रँच लोकांसाठी देऊन टाकली तिथून याची सुरुवात झाली. आता सांगा, एखाद्याने बापाच्या आठवणीत अख्खी जमीन सगळ्यांना दिली आणि साठ वर्षांनी सरकार म्हणतं परवडत नाही, कुलूप लावतो. दिलेली वस्तू तुमची नसतेच ना, तुम्ही फक्त राखणदार.

वसंतात जा, मार्च-एप्रिल, टेकड्या हिरव्या आणि फुलांचे पट्टे. जून ते सप्टेंबर अजिबात नको, अंगाची लाही होते आणि सावली कमी. चढ उभे आहेत, ज्येष्ठांसोबत मुख्यालयाच्या आसपासचीच चक्कर मारा, जुन्या रँचचं सामान मांडलंय ते बघा. टॅरँटुला शरद ऋतूत बाहेर पडतात, काही करत नाहीत, पण आईला सांगू नका.

आता शेवटची तक्रार, आणि इथे मी पार्कचं नाव घेणार नाही. समुद्रकाठचं एक पार्क, पास नव्हता त्या दिवशी. किऑस्कमध्ये माणूस नाही, कार्डाचं मशीन बंद. आयर्न रेंजर होता, म्हणजे तो लोखंडी पाइप ज्यात पाकिटात पैसे घालून टाकायचे, नंबर लिहायचा, चिठ्ठी फाडून काचेवर ठेवायची. पाकिटंच संपलेली. सुटे १० डॉलर हातात घेऊन मी आणि दोन-तीन कुटुंबं उभी, प्रामाणिकपणे पैसे द्यायला तयार, आणि घेणारं कोणी नाही. एक काका म्हणाले लेट इट गो, निघून गेले बीचवर. माझ्या नवऱ्याने जुन्या पावतीच्या कागदात नोट गुंडाळून, गाडीचा नंबर लिहून पाइपमध्ये टाकली. परत आलो तर काचेवर दंडाची चिठ्ठी! पत्र लिहून शेवटी रद्द करून घेतली, पण दंड करायला माणूस मिळतो आणि पाकिटं भरायला मिळत नाही हे गणित मला समजावून सांगा कोणीतरी. पैसे नाहीत पैसे नाहीत म्हणतात आणि देणाऱ्याच्या हातातले घेत नाहीत.

त्यामुळे रेटिंग असं. लायब्ररीचा पास पाच स्टार. व्हॉलंटियर मंडळींना दहापैकी अकरा. राज्याला दोन, त्यातला एक रेंजर लोकांसाठी, जे खरंच जीव तोडून काम करतात आणि ज्यांचा यात काडीचा दोष नाही.

पास हवा असेल तर लायब्ररीच्या कॅटलॉगमध्ये 'स्टेट पार्क्स पास' सर्च करा, होल्ड टाका. हेन्री कोला फुलांसाठी जायचं असेल तर जानेवारीतच रांगेत लागा. पुढचं बजेट येईल तेव्हा परत कोणीतरी या पासवर लाल रेघ मारेल, तेव्हा आपल्या असेम्ब्ली मेंबरला दोन ओळींची ईमेल टाका, मराठी नावांचीही दिसू देत तिथे. आणि कृपा करून पास वेळेवर परत करा, गेल्या वेळी कोणीतरी तो दोन आठवडे दाबून बसलं होतं आणि माझे सासू-सासरे सोमवारी परत पुण्याला चाललेत.